शेळी कधी दाखवली, ती तारीख लिहून ठेवा



गटातून कर्ज काढून पहिली शेळी दारात बांधली की घरात कोण आनंद असतो. शेजारणी बघून जातात, पोरं पाला आणून टाकतात. मग महिना-दोन महिन्यांनी आमच्याकडे प्रश्न यायला लागतात. "ताई, शेळी दिवसभर ओरडते, खात नाही, आजारी पडली का?" "ताई, गाभण म्हणून घेतली, पण पोट काही दिसेना." ज्यांच्या माहेरी-सासरी शेळ्या होत्या त्यांना हे सांगावं लागत नाही. पण आपल्या गटांतल्या कितीतरी जणी पहिल्यांदाच शेळी पाळतायत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

आधी आमचीच चूक सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही उस्मानाबादी पाठी घेतल्या, म्हणजे अजून एकदाही न व्यालेल्या, सहा-सात महिन्यांच्या. त्यांच्यातच एक चार महिन्यांचा बोकड होता. तो अजून लेकरू आहे असं आम्ही धरून चाललो. चार महिन्यांचा बोकडसुद्धा पाठ गाभण करू शकतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळ्यात बारकी पाठ कधी लागली ते कळलंच नाही. एका रात्री तिला कळा सुरू झाल्या, करडू अडकलं, घरच्यांनी ओढून बघितलं, आणि सकाळपर्यंत दोन्ही गेली. कर्जाचे हप्ते मात्र राहिले. ती बाई कितीतरी बैठकांना खाली मान घालून बसायची. खरं तर चूक तिची नव्हती. शेळी हातात देताना आम्हीच तिला काही सांगितलं नव्हतं.

तर पहिली गोष्ट, शेळी ओरडते म्हणजे ती आजारीच असते असं नाही. सारखी शेपटी हलवते, थोडी थोडी लघवी करते, दुसऱ्या शेळीवर चढते, मागची जागा लालसर सुजते आणि काचेसारखा चिकट स्राव येतो, तर ती माजावर आली आहे. माज साधारण एक ते दीड दिवस टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवावा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. लागली नाही, तर साधारण २१ दिवसांनी पुन्हा माज येतो.

पण माजावर आली म्हणजे पाठ तयार झाली असं नाही. सहा-आठ महिन्यांची पाठ माजावर येते, तेव्हा तिची स्वतःची वाढ व्हायची असते. उस्मानाबादी पाठ १० ते १२ महिन्यांची आणि किमान २२ ते २५ किलोची झाल्यावरच बोकड दाखवा. धान्याच्या काट्यावर आधी तिला उचलून घेऊन उभ्या राहा, मग एकट्या. दोन्हींतला फरक तेच तिचं वजन. बोकड तिचा बाप किंवा भाऊ नको. आणि बोकड करडं तीन महिन्यांची झाली की वेगळी बांधा. ही एक गोष्ट केली असती तर आमची ती पाठ वाचली असती.

बोकड दाखवला, आता तारीख लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा लिहितो ना, तिथेच. शेळी साधारण १५० दिवसांनी विते. १० जूनला दाखवली असेल, तर ७ नोव्हेंबर. चार-पाच दिवस मागेपुढे होतात. पुढचं सगळं या एका तारखेवर चालतं. दूध देत असेल तर विण्याआधी दोन महिने आटवायची. शेवटच्या दीड महिन्यात करडं पोटात झपाट्याने वाढतात, तेव्हा खुराक वाढवायचा, कारण उस्मानाबादीला बऱ्याचदा जुळी असतात. आणि गावात जंताचं औषध पाजायचा कार्यक्रम असेल तेव्हा डॉक्टरांना ही तारीख आधी सांगायची. अल्बेंडाझोलसारखं औषध गाभणपणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटातल्या करडाला धोका असतो. तारीखच माहीत नसेल तर डॉक्टर तरी काय सांगणार?

विताना आधी पाणमोट दिसते, मग पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक. असं असेल तर नुसतं जवळ बसा. जोराच्या कळा देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि करडू पुढे सरकत नसेल, किंवा एकच पाय, नुसतं डोकं दिसत असेल, तर ओढू नका. पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. नंबर शोधायला रात्री दिवा लावून बसू नका, त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वार पडेपर्यंत करडाला पाजायचं नाही, असं अजून पुष्कळ घरांत म्हणतात. सासूबाईंशी वाद घालत बसू नका, करडाचं नाक-तोंड पुसून त्याला सडाला लावा. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, करडाची रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते. करडू पिऊ लागलं की वार पडायलाही मदतच होते. बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टर. लोंबणारी वार ओढायची नाही, तिला दगड तर बांधायचाच नाही.

आता शेळीइतकंच आपल्या स्वतःच्या जिवाचं. शेळी चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभडली, तर ते सगळं आवरतं कोण? आपणच, आणि तेही उघड्या हातांनी. गाभडण्याची कारणं बरीच असतात, मार लागणं हेही एक. पण ब्रुसेलोसिस नावाचा रोग असेल, तर तो त्या पाण्यातून, वारेतून आणि कच्च्या दुधातून माणसालाही होतो. हातमोजे नसतील तर कोपरापर्यंत जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. पडलेला गाभ आणि वार उकिरड्यावर टाकू नका, कुत्री ओढून नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. घरात गरोदर बाई असेल तर तिला तिकडे फिरकू देऊ नका. ती शेळी वेगळी बांधा, डॉक्टरांकडून तिच्या रक्ताची तपासणी करून घ्या, आणि दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका.

आमच्या एका ताईला महिनाभर ताप येत-जात होता. रात्री घाम, कंबर आणि गुडघे धरलेले. गोळ्या घेतल्या की उतरायचा, पुन्हा यायचा. घरी शेळी गाभडली होती हे तिने दवाखान्यात सांगितलंच नव्हतं. शेळीचं आणि तापाचं काय नातं, असं तिला वाटलं. सांगितल्यावर रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि औषध बदललं. असा ताप तुमच्या घरात कोणाला येत असेल, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्यांदा हेच सांगा, आमच्या घरी शेळ्या आहेत.