मंगळवारची सुट्टी कोणाची?

हुबळी-धारवाडहून दसऱ्याला म्हैसूरला जाणारी मंडळी तेथील प्राणिसंग्रहालय सहसा चुकवीत नाहीत. 1892 साली स्थापन झालेले हे संग्रहालय एरवी मंगळवारी बंद असते. दसऱ्याच्या गर्दीत मात्र ही सुट्टी रद्द केल्याचे प्रसंग घडले आहेत. प्रेक्षकांची त्यात सोय होते. प्राण्यांचे काय?

आठवड्यातून एक दिवस दार बंद ठेवावे, असा दंडक 2009 च्या केंद्रीय नियमांत आहे. त्या निवांत दिवसाचे मोल नोकरांपेक्षा प्राण्यांना अधिक. हरिणाला रवंथ करावयास स्वस्थता लागते. माणसांच्या गलक्यात ते कान टवकारून उभेच राहते. वाघ-बिबटे संध्याकाळी आतल्या निवाऱ्यात येतात व तेथे त्यांना मांस मिळते. कोणी अन्न टाकले, कोण लंगडतो, हे रखवालदार याच वेळी न्याहाळतो. दार दोन तास उशिरा मिटले की घाईत नेमके हेच निसटते.

बिबट्या तर निशाचर, मग रात्री पाहिला म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. सिंगापूरला 1994 पासून रात्रीचे संग्रहालय चालते खरे. परंतु ते रात्रीसाठीच उभारलेले, चांदण्यासारख्या मंद उजेडाचे आणि दिवसा बंद. दिवसभर लोकांसमोर राहिलेल्या प्राण्याने रात्रीही तसेच राहावे, हा प्रकार निराळा.

वेळ वाढवावयाचीच असेल, तर रखवालदारांची दुसरी पाळी नेमावी आणि काही प्राण्यांना आळीपाळीने दृष्टीआड जाऊ द्यावे. तिकीट काढून रिकामा पिंजरा पाहणाऱ्यांची कुरकूर तेवढी ऐकून घ्यावी लागेल.