हवेतील कणांची पारख

पौषातील पहाटे दिल्लीच्या विमानतळावर दाट धुके उतरते. धावपट्टी दिसेनाशी होते, विमाने खोळंबतात. हे धुके केवळ पाण्याचे नसते. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर बाष्प साचून ते बनते. या कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. कोणी चुलीच्या धुरातून येतो, कोणी मोटारीच्या, कोणी जळत्या कचऱ्याच्या. पण डोळ्यांना सारे सारखेच करडे. धुक्याचे मूळ शोधावयाचे, तर कण कशाचे बनले आहेत हे आधी कळावयास हवे.

जुनी रीत अशी, की पंपाने ओढलेली हवा चोवीस तास गाळणकागदातून जाऊ द्यावयाची आणि मग कागदावर साचलेले कण तोलून, पाण्यात विरघळवून तपासावयाचे. ही रीत भरवशाची असल्याने आजही चालू आहे. तथापि अमोनियम नायट्रेटसारखा क्षार ऊन चढताच कागदावरूनच वायुरूप होऊन निसटतो. शिवाय पहाटेचे व दुपारचे कण एकाच कागदावर मिसळतात, ते वेगळेच.

ही अडचण एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने पुष्कळशी दूर केली. त्यात हवा बारीक छिद्रातून निर्वात नळीत शिरते. एकापुढे एक बसविलेल्या छिद्रांतून जाताना कणांचा सरळ झोत बनतो. हवेचे हलके रेणू मात्र बाजूला पांगतात आणि पंप त्यांना ओढून घेतो. हा झोत सुमारे 600 अंश सेल्सिअस तापलेल्या टंगस्टनवर आदळतो व कणांची तत्काळ वाफ होते. वाफेवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, की रेणूंचे विद्युतभारित तुकडे होतात. प्रत्येक पदार्थाच्या तुकड्यांची वस्तुमाने ठराविक असतात: नायट्रेटची मुख्यतः 30 व 46, सल्फेटची 48 व 64. या खुणांवरून पदार्थ ओळखता येतो, आणि तोही अर्ध्या तासाच्या आत!

मात्र हे यंत्र सर्वज्ञ नव्हे. काजळी, माती आणि समुद्राचे मीठ एवढ्या उष्णतेने उडत नाहीत. त्यांच्यासाठी गाळणकागद हवाच.

दिल्लीत अशाच यंत्राने कणांत क्लोराइड विपुल दाखविले. प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळल्याने व काही कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. थंड हवेत अमोनियाशी तिचा संयोग होऊन अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाला वापरतो तोच नवसागर, तयार होतो. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, तसा हा नवसागर दमट हवेतील बाष्प शोषून फुगतो. मद्रासच्या आय. आय. टी.तील व इतर संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार, कणांमुळे दिल्लीत दृष्टीचा पल्ला जितका घटतो, त्यात या आम्लवाफेचा वाटा निम्म्यापर्यंत आहे.