शेअर बाजारात तोटा झाला, ब्रोकरने भरला. आता वसुली कोणाकडून?

‘साहेब, तुमच्या खात्यात मायनस दाखवतंय. उद्यापर्यंत पैसे भरा.’ ब्रोकरच्या ऑफिसातून असा फोन आला की माणूस चिडतो. माझे पैसे तर बुडाले, आता वर आणखी कसले मागताय? बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, नव्याने ट्रेडिंगमध्ये उतरलेल्यांचा समज एकच असतो : मार्जिन भरलंय तेवढंच जाईल, पुढचं ब्रोकर बघून घेईल. कायदा मात्र तसं म्हणत नाही.

ब्रोकर आधी का भरतो?

तुम्ही ऑर्डर देता, पण बाजारात सौदा होतो तो ब्रोकरमार्फत. सौद्याची पूर्तता करणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन पैसे ब्रोकरच्या बाजूकडून मागते, तुमच्या दारात येत नाही. ग्राहकाने पैसे दिले नाहीत ही सबब तिथे चालत नाही. शेअर खरेदी-विक्रीचा हिशेब आता दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. म्हणजे तुमचे पैसे येवोत न येवोत, ब्रोकरला भरावेच लागतात.

मग हे पैसे तो तुमच्याकडून कोणत्या हक्काने मागतो? उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. ब्रोकर हा तुमचा एजंट. कलम २२२ सांगते की, दिलेल्या अधिकारात राहून एजंटने केलेल्या कायदेशीर कामाचे जे परिणाम होतील, त्यांची भरपाई काम सांगणाऱ्याने करायची. नफा तुमचा, तसा तोटाही तुमचाच. ब्रोकर फक्त दलालीचा धनी.

मार्जिन म्हणजे तोट्याची मर्यादा नव्हे

२० एप्रिल २०२० चा दिवस अनेकांना आठवत असेल. लॉकडाऊनमुळे एमसीएक्सवरचा व्यवहार संध्याकाळी ५ वाजताच बंद होत होता. कच्च्या तेलाचा एप्रिलचा करार त्याच दिवशी संपणार होता आणि भाव बॅरलला हजार रुपयांच्या आसपास होता. रात्री अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. पुढे एमसीएक्सने त्या कराराचा अंतिम भाव ठरवला उणे २,८८४ रुपये!

एका लॉटमध्ये १०० बॅरल. समजा कोणी १,००० रुपयांनी एक लॉट घेतला होता. सौदा एक लाखाचा आणि तोटा ३ लाख ८८ हजार ४०० रुपयांचा. रात्री विकून बाहेर पडायची सोयही नव्हती. पैसे आधी ब्रोकरांनाच भरावे लागणार होते. त्यांच्यापैकी काही जण या भावाविरुद्ध कोर्टातही गेले.

असा दिवस रोज येत नाही, हे खरं. पण शेअरला सलग लोअर सर्किट लागलं आणि घेणाराच नसेल, तर ब्रोकरलाही तुमचा माल विकता येत नाही. मार्जिन संपतं आणि तोटा वाढत जातो. त्याचं देणं तुमच्या नावावर राहतं.

बायकोच्या नावावर खातं, सौदे नवऱ्याचे

हे आपल्या घरोघरी चालतं. १० फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दाम्पत्याच्या खटल्यात दिलेला निकाल म्हणूनच लक्षात ठेवावा. दोघांची खाती वेगवेगळी, तोटा पत्नीच्या खात्यात. दोन्ही खाती मिळून चालवू आणि देणंही दोघांचं राहील, असं तोंडी ठरल्याचं ब्रोकरचं म्हणणं होतं. लवादाने ते मान्य करून १ कोटी १८ लाखांहून अधिक रक्कम ९ टक्के व्याजासह दोघांवर बसवली. उच्च न्यायालयाने पतीला त्यातून सोडलं, पण सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निवाडा पुन्हा कायम केला.

याचा अर्थ बायकोचा तोटा नेहमी नवऱ्याच्या डोक्यावर बसतो, असा नाही. खातं ज्याचं, जबाबदारी त्याची, हाच नियम. पण तोंडी दिलेला शब्द आणि प्रत्यक्ष वागणूक यावरूनही जबाबदारी ठरू शकते.

तोटा कधी तुमचा नसतो?

कलम २२२ मधले दोन शब्द इथे कामाला येतात : ‘अधिकार’ आणि ‘कायदेशीर’. ऑर्डर न देताच सौदा केला असेल, तर तोटा ब्रोकरचा. १०० शेअर सांगितले आणि १,००० घेतले, तर वरच्या ९०० चं ओझं तुमच्यावर नाही. सूचना सोडून काम केल्यामुळे नुकसान झालं, तर कलम २११ प्रमाणे ते एजंटने भरून द्यायचं.

मग ऑर्डर दिली होती की नाही, हे कोणी सिद्ध करायचं? सेबीच्या २२ मार्च २०१८ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने ठेवायचा असतो. फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, सहीचा कागद, ऑनलाइन लॉग यांपैकी काहीही. वाद झाला तर हा पुरावा त्यानेच दाखवायचा. गावातला अधिकृत प्रतिनिधी चुकला, तरी त्याच्या वागण्याला ब्रोकरच जबाबदार.

पण तुम्ही गप्प बसलात तर बाजू लंगडी पडते. कॉन्ट्रॅक्ट नोट २४ तासांत येते. ती महिनोन्‌महिने आली, मधला नफा तुम्ही घेतला आणि तोटा झाल्यावरच ‘मी सांगितलंच नव्हतं’ म्हणालात, तर तुम्ही ते सौदे मान्य केले होते, असं धरलं जाऊ शकतं. पासवर्ड स्वतःच दुसऱ्याच्या हाती दिला असेल, तर अडचण आणखी वाढते.

फोन आलाच तर काय करायचं?

आधी लेजर आणि सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट मागवा. न सांगितलेला सौदा दिसला की त्याच दिवशी ईमेलने हरकत घ्या. नुसतं फोनवर भांडून पुरावा राहत नाही. ब्रोकरने दाद दिली नाही, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर तक्रार करा. घटनेपासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते. तिथेही सुटलं नाही, तर ‘स्मार्ट ओडीआर’ या पोर्टलवर आधी सलोखा आणि मग लवाद, दोन्ही ऑनलाइन होतात. ब्रोकर मुंबईचा आणि तुम्ही बेळगावचे, म्हणून मुंबईच्या खेपा घालायची गरज नाही. मात्र हाच दरवाजा तुमच्याकडून वसुलीसाठी ब्रोकरलाही उघडा आहे.

‘डबा’ ट्रेडिंग करणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही. तो सौदा एक्स्चेंजवर झालेलाच नसतो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय एक्स्चेंजकडे दादही मागता येत नाही.

सौदा तुम्ही सांगितलेला असेल, तर देणं टाळता येणार नाही. सांगितलेला नसेल, तर एक रुपयाही भरण्याआधी लेखी हरकत घ्या. म्हणून संध्याकाळी मोबाइलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट न वाचता डिलीट करू नका.