ऑपरेशनआधी घोटभर चहासुद्धा नको

पिशवीचं ऑपरेशन ठरलं की आपण आधी घरच्यांच्या जेवणाची, जनावरांच्या वैरणीची सोय लावतो. स्वतःची तयारी राहूनच जाते.

डॉक्टर उपाशीपोटी यायला सांगतात, ते का? भुलेत ठसका लागून बाहेर टाकायची ताकद राहत नाही. पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून जेवण साधारण 6 ते 8 तास आधी बंद. दुधाचा चहाही जेवणातच धरायचा, बरं का! साधं पाणी बहुधा 2 तास आधीपर्यंत चालतं, पण आपल्या डॉक्टरांनी दिलेलीच वेळ पाळू. चुकून खाल्लंच तर लपवायचं नाही. फार तर ऑपरेशन पुढे जाईल.

बीपी, शुगरच्या गोळ्यांची पाकिटंच सोबत नेऊ; कुठली घ्यायची, कुठली थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. मिश्रीचंही सांगायचं, सासूबाई शेजारी असल्या तरी.

आणि कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी एक विचारूनच घेऊ: नुसती पिशवी काढणार, की अंडाशयही?