जाड बार लावला म्हणजे झालं?

घाटातल्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. हे कलणं आवरायला गाडीखाली एक आडवी पोलादी दांडी असते. ती डाव्या-उजव्या चाकांची सस्पेन्शन एकमेकांना जोडते. हाच अँटी-रोल बार, म्हणजेच स्वे बार. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की तो पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. हौशी मंडळी कंपनीचा बार काढून जाड बार बसवतात, तेही बऱ्याचदा ऐकीव माहितीवर.

गैरसमज : दोन मिलिमीटरनं काय फरक पडणार?
वस्तुस्थिती : भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे 20 ऐवजी 22 मिलिमीटरचा बार सुमारे 46 टक्के जास्त कडक असतो.

गैरसमज : जाड बारमुळे बाहेरच्या चाकांवर वजन कमी येतं.
वस्तुस्थिती : एकूण किती वजन सरकणार हे वेग, वळणाचा बाक, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. बार फक्त त्या वजनाची पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणी बदलतो.

गैरसमज : पुढे लावा नाहीतर मागे, पकड वाढणारच.
वस्तुस्थिती : पुढच्या किंवा मागच्या, ज्या चाकांच्या जोडीचा बार कडक, तिथल्या बाहेरच्या टायरवर जास्त भार पडतो. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही; त्यामुळे त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केला तर स्टिअरिंग वळवूनही नाक वळणाबाहेर सरकू लागतं. मागचा जाड केला तर नाक चटकन वळतं, पण पावसाळी रस्त्यावर मागची बाजू घसरण्याचा धोका वाढतो.

गैरसमज : बार बदलला की टायरची झीज थांबते.
वस्तुस्थिती : गाडी कलते तेव्हा बाहेरचा टायरही कलतो आणि त्याची बाहेरची कड घासली जाते. वळणं वेगात घेणाऱ्याला कलणं कमी झाल्याचा इथे खरा फायदा होतो. पण दोन्ही कडा झिजल्या असतील तर संशय कमी हवेवर घ्यावा, आणि मधलाच पट्टा झिजला असेल तर जास्त हवेवर. हात फिरवल्यावर एका दिशेनं करवतीसारखं लागत असेल तर अलाइनमेंट तपासावं. यांतलं काहीच बारनं सुटत नाही.

गैरसमज : कडक बारमुळे प्रत्येक गतिरोधक जाणवतो.
वस्तुस्थिती : गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली तर बार पिळलाच जात नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं तर मात्र धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि गाडी डावी-उजवी हिंदकळते. आपल्या रस्त्यांवर गाठ पडते ती बहुधा अशाच खड्ड्यांशी.

म्हणून खर्च करण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून लिंक रॉड आणि बारचे रबरी बुश पाहून घ्या. खड्ड्यात खालून कटकट येत असेल आणि वळणात गाडी सैल वाटत असेल, तर पुष्कळदा बार शाबूत असतो. त्याला धरून ठेवणारे हे छोटे भाग झिजलेले असतात.