चाकाच्या पोटातली घरघर

बेंगळूरुमध्ये जुनी गाडी घेताना कागदपत्रं, रंग, एसी सगळं तपासून होतं. व्हील बेअरिंग मात्र सुटून जातं, आणि त्यात दोष शहराच्या वाहतुकीचा आहे. खराब होऊ लागलेलं बेअरिंग बहुतेक वेळा ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे बोलायला लागतं. तेवढा वेग इंदिरानगरच्या गल्लीतल्या चाचणीत मिळतच नाही. तिथे फेरी मारून सौदा पक्का होतो आणि पहिल्यांदा म्हैसूर रस्त्याला लागल्यावर घरघर ऐकू येते.

म्हणून गाडी बघायला जाणाऱ्याने विकणाऱ्याला सरळ होसूर रोडला न्यावं. सिल्क बोर्डापासून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा, २०१० साली सुरू झालेला सुमारे दहा किलोमीटरचा उड्डाणपूल सकाळी लवकर या कामाला उत्तम. काचा वर, गाणी बंद, वेग साठ. वेगाबरोबर चढणारी-उतरणारी एकसुरी घूंघूं कानावर आली, तर मागे गाडी नाही हे पाहून क्षणभर न्यूट्रल करावं. इंजिनचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला, तर संशय चाकांवर जातो. मग अंगाला जेमतेम जाणवेल इतक्याच वळणात स्टिअरिंग हलकं डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. त्या वेळी आवाज वाढला, तर बहुधा उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं.

बहुधा, कारण टायर इथे भल्याभल्यांना चकवतात. वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब असाच गुणगुणतो. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून पाहावं. आवाजाने जागा बदलली तर खोट टायरमध्ये. ही अर्ध्या तासाची मेहनत टाळून चांगली बेअरिंगं काढून फेकणारी गॅरेजं कमी नाहीत.

पुढचं काम जॅकवर. जॅकस्टँड लावून चाक वर-खाली धरून हलवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला, तर बेअरिंगच. राहिला तर बॉल जॉइंट बघावा. आवाज आहे पण प्ले नाही, असंही पुष्कळदा होतं. तेव्हा सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकून दुसऱ्या हाताने चाक फिरवावं. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. अनुभवी मिस्त्री कानापेक्षा या बोटांवर जास्त भरवसा ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

काढलेलं बेअरिंग उघडून पाहण्यासारखं असतं. आत छर्ऱ्यांच्या दोन ओळी, त्यांना अंतरावर ठेवणारा पिंजरा, आतली-बाहेरची रेस म्हणजे कडी, दोन्हीकडे सील. रेसच्या आरशासारख्या पृष्ठभागावर तांदळाच्या दाण्याएवढा पापुद्रा उडालेला दिसतो. सगळी घरघर तेवढ्या खड्ड्याची. लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या संशोधकांनी १९४७ साली मांडलेल्या हिशेबात छर्ऱ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, की आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. रस्त्यावरच्या खड्ड्यात जोरात आदळलेल्या चाकात छर्रा रेसवर ठसा उमटवतो, आणि झीज तिथून सुरू होते.

पाणी त्याहून वाईट. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर, सर्जापूर रोडच्या परिसरात गाड्या पाण्यात बुडाल्या. तापलेलं हब थंड पाण्यात गेलं, की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी ओढलं जातं. ग्रीस पांढुरकं होतं, पोलादावर गंज धरतो. अशी गाडी धुऊन-पुसून बाजारात आली तरी हबमधलं पाणी कुणी धूत नाही.

बदलताना हातोडा दूर ठेवावा. चाकाचं हब धरणाऱ्या नकलमध्ये बेअरिंग प्रेसने बसवायचं आणि जोर फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. आतल्या रेसवर दाब दिला, तर तो छर्ऱ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसतानाच जखमी होतं. एबीएसच्या अनेक गाड्यांत सीलवर चुंबकीय कडं असतं, ते सेन्सरकडेच हवं. पेपरक्लिप ज्या बाजूला चिकटते ती कड्याची बाजू. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. अ‍ॅक्सलचा नट नवा घ्यावा, कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क रेंचनेच आवळावा, आणि तोवर गाडीचं वजन त्या चाकावर येऊ देऊ नये.

माल घ्यायला टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जेसी रोड आहेच. सुट्या भागांची दुकानं तिथे ओळीने. होसूर रोडवरच्या बोम्मसंद्रात एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा स्वतःचा कारखाना असला तरी नामांकित कंपन्यांच्या खोक्यांची नक्कल बाजारात येते. गाडीचं नाव सांगून मागण्यापेक्षा जुन्या रेसवर कोरलेला नंबर पुसून, वाचून तोच मागावा, बिल घ्यावं आणि खोक्यावरचा कोड कंपनीच्या अ‍ॅपवर तपासावा. चाकात प्लेही आहे आणि आवाजही, तर गाडी बाजारापर्यंत चालवत नेऊ नये. बेअरिंग पूर्ण निकामी झालं तर चाक जाम होऊ शकतं, क्वचित सुटूनही येतं. अशा वेळी रिक्षाने जाऊन बेअरिंग आणावं.