गांधीलमाशी आणि सेवाग्रामची माती

पोळा सरला, पावसाने उघडीप दिली आणि आश्विनाचे ऊन चटके देऊ लागले, म्हणजे वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत घराच्या वळचणीला, गोठ्याच्या आढ्याला आणि शेताच्या धुऱ्यावरील झुडपांत गांधीलमाश्यांची पोळी लोंबताना दिसू लागतात. आणि माळ्यावरचा कडबा ओढताना किंवा धुऱ्यावरचे गवत कापताना ज्याच्या हाताला त्यांपैकी एकीचा प्रसाद मिळाला नाही असा कास्तकार त्या भागात विरळाच. डंख झाला रे झाला, की भोवती जमलेल्या प्रत्येकाजवळ एकेक इलाज तयार असतो. कोणी पानाच्या बटव्यातला चुना काढतो, कोणी कांदा चेचून आणतो, कोणी तुळशीचा पाला चुरतो, आणि घरातील वडीलधारी बाई कमरेची किल्ली सोडून तिचे लोखंड डंखावर घासू लागते. या इलाजांची रुजवात सहसा कोणी घेत नाही. कारण बहुधा काही तासांत ठणका आपोआपच ओसरतो आणि त्याचे श्रेय ज्याचा लेप शेवटी लागला त्याच्या पदरात पडते.

अशी रुजवात घेण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न मात्र याच जिल्ह्यात, वर्धा शहरापासून पाचएक मैलांवर झाला होता. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी तेथील शेगाव नावाच्या खेड्यात राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावशी नामसादृश्य असल्यामुळे टपालाचा घोळ होऊ लागला, तेव्हा १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. मातीच्या भिंती, कौलारू छपरे आणि सभोवार शेते अशा त्या वस्तीत साप व विंचू हे जणू मूळचे रहिवासीच होते. सापाला न मारता उचलून दूर सोडण्यासाठी आश्रमात जो लाकडी चिमटा वापरला जाई, तो आजही तेथे जाणाऱ्यास पाहावयास मिळतो.

पुढे १९४२ मध्ये, पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना, गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ‘आरोग्याची किल्ली’ ते हेच. आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाच्या ग्रंथामुळे मातीच्या उपचाराकडे त्यांचे लक्ष वेधले गेले होते आणि ओल्या मातीच्या पट्टीवर त्यांची निष्ठा जडली होती. असा निष्ठावंत मनुष्य आपल्या आवडत्या औषधाविषयी लिहू लागला, म्हणजे विवेकाचा तोल सुटावा हेच स्वाभाविक. परंतु येथे तसे झालेले नाही. गांधीलमाशीच्या डंखावर मातीने तत्काळ आराम पडतो असे ते सांगतात. विंचवाच्या नांगीवर मात्र यश पुष्कळच कमी आले, सेवाग्रामात विंचवांचा उपद्रव फार असल्याने माहीत असलेले सगळे इलाज करून पाहिले, त्यांतील एकही अचूक ठरला नाही आणि माती ही इतर उपायांहून वाईट नाही, एवढेच म्हणता येते, अशी कबुली ते त्याच ओघात देतात. घरगुती औषधांवरील विपुल वाङ्मयात इतका निःपक्षपाती पंचनामा माझ्या तरी वाचनात क्वचितच आला आहे. (गांधील या नावाचा महात्माजींच्या आडनावाशी अर्थातच काही संबंध नाही. अंगावर उठणाऱ्या लालसर, खाजऱ्या फुगवट्यांना मराठीत ‘गांधी’ म्हणतात, आणि तशा त्या उठविणारी माशी ती गांधीलमाशी, ही व्युत्पत्ती कोणालाही सहज सुचावी.)

मातीने आराम का पडतो, याचे उत्तर मातीपेक्षा तिच्यातील पाण्यात आहे. गांधीलमाशी किंवा मधमाशी त्वचेखाली जे विष सोडते ते प्रमाणाने अत्यल्प असते, परंतु त्यातील प्रथिने व इतर द्रव्ये तेथील पेशींना दुखवितात, रक्तवाहिन्या विस्फारतात, त्यांतील द्रव आजूबाजूस झिरपतो आणि दाह, ठणका व सूज असा त्रिविध उपद्रव सुरू होतो. ओला लेप वाळू लागला की बाष्पीभवनाने जागा थंड होते. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनेची संवेदनाही बोथट होते. किल्लीच्या लोखंडातील गुण म्हणून जो समजला जातो, तोही बहुतांशी त्याच्या गारव्याचाच. कांद्याच्या चकतीविषयी याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही. मग थंड पाण्यात भिजविलेले स्वच्छ फडके, किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे ठेवला, तर तेच कार्य अधिक सुखरूपपणे होते. अधिक सुखरूपपणे अशासाठी, की शेताच्या किंवा गोठ्याच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. माती स्वच्छ असावी, शंका वाटल्यास ती तापवून घ्यावी, अशी सूचना गांधीजींनीही केली होती. पण हे बीजाणू साध्या उकळीलाही दाद न देण्याइतके चिवट असतात.

चुन्याचा मामला याहून निराळा आहे. मधमाशीचे विष आम्ल म्हणून त्यावर सोडा किंवा चुना, गांधीलमाशीचे अल्कधर्मी म्हणून त्यावर व्हिनेगर, हा हिशेब शाळेच्या पुस्तकातून आलेला असल्यामुळे मोठा शास्त्रीय वाटतो. परंतु विष असते कातडीच्या आत आणि लेप राहतो वर. शिवाय विषाचे कार्य त्याच्या आम्लतेवर नव्हे, तर मुख्यतः त्यातील प्रथिनांवर अवलंबून असते. सोड्याने निदान अपाय तरी होत नाही. चुना मात्र दाहक आहे. मुलाच्या कोवळ्या कातडीस तो भाजून काढतो, आणि तोच हात डोळ्याला लागला तर दृष्टीस कायमची इजा होण्याचा संभव असतो. तेव्हा चुना पानापुरताच ठेवावा.

मधमाशीच्या बाबतीत लेपाआधी करावयाचे एक काम आहे. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्याने ती पुनःपुन्हा डसू शकते. मधमाशीच्या नांगीला मात्र उलटे काटे असल्यामुळे ती विषाच्या पिशवीसह आपल्या कातडीत रुतून राहते, माशी मरते आणि पिशवी पुढेही विष ढकलीत राहते. नांगी चिमटीने ओढू नये, नखाने खरडून काढावी, असा उपदेश आपण ऐकत आलो. परंतु १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली यालाच महत्त्व आहे. नखाने काढा, चिमटीने काढा, पण क्षणाचाही विलंब न लावता काढा. आणि तेथून दूर व्हा. कारण नांगीबरोबर पिकल्या केळ्यासारख्या वासाचे एक द्रव्य सुटते आणि तो वास म्हणजे पोळ्यातील इतर माश्यांना हल्ल्याचा हुकूमच होय. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ज्या उद्योगांचा पुरस्कार केला, त्यांत मधुमक्षिकापालनही होते. पेटीत नांदणारी सातेरी माशी त्या मानाने गरीब असते, उंच झाडाला लटकणारे आग्या मोहोळ मात्र एकदा बिथरले की माणसाचा दूरवर पाठलाग करते.

विंचू हा कीटकच नव्हे. आठ पायांमुळे तो कोळ्याच्या गोत्रात जातो, आणि लाल विंचवाचे विष हृदयावर घाला घालते. सेवाग्रामात जो उपाय सापडला नाही तो रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना सापडला. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी ‘प्राझोसिन’ हे रक्तदाबाचे औषध अशा रोग्यांना देऊन त्यांचे प्राण वाचविता येतात हे दाखवून दिले. म्हणून विंचू चावल्यावर आघाड्याची मुळी किंवा चिंचोका उगाळीत घरी बसणे, विशेषतः रोगी लहान मूल असेल, घाम सुटून हातपाय गार पडत असतील, तर अक्षम्य आहे.

माशीच्या डंखातही हाच प्रसंग क्वचित ओढवतो. एकाच वेळी अनेक माश्या डसल्या असतील, डंख तोंडात किंवा घशात झाला असेल, अथवा एकाच डंखाने सर्वांगावर गांधी उठून ओठ व जीभ सुजू लागली, श्वास कोंडला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्यावर घरात औषध नाही. मांडीत द्यावयाचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच त्याचा पहिला उपाय, आणि त्याला मिनिटांचाच अवधी असतो. अशा वेळी फडके, माती, कांदा यांतले काहीही शोधीत बसू नका. रोग्याला आडवे निजवा, धाप लागली असेल तर टेकून बसवा, आणि १०८ क्रमांकावर ताबडतोब फोन करा.